विचारा, सांगतो : दोन क्लब, तीन दिवस, एक कप

या वेळी गोल्फवर बरीच पत्रं आलीत, आणि त्यातली बहुतेक कोल्हापूरच्या एकाच ग्रुपमधली दिसतायत, म्हणून सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे हौशी गोल्फर, बेळगावच्या एका ग्रुपसोबत जानेवारीत तीन दिवसांची मैत्रीची मॅच ठरवतोय, दोन्हीकडून आठ-आठ जण. अडचण अशी की आमच्यात दोघंच बरे खेळतात, बाकी सगळे वीसच्या पुढच्या हँडिकॅपचे (हँडिकॅप म्हणजे मिळणारी शॉटची सवलत, आकडा मोठा तितका खेळ कच्चा), आणि त्यांच्यात दहा ते सोळाचे भरपूर. काही जण म्हणतात कच्च्या लोकांना बसवू आणि ओळखीतले चांगले प्लेयर आणू. फॉरमॅट काय ठेवावा? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी ते बसवायचं डोक्यातून काढा. वर्षभर पहाटे उठून येणारा माणूस मॅचच्या दिवशी बाहेर बसणार आणि कधी न आलेला येऊन खेळणार, मग ती मॅच तुमच्या क्लबची कशी? आठच्या आठ खेळू देत, तिन्ही दिवस खेळू देत.

स्ट्रोक प्ले (सगळ्या होलचे शॉट मोजून बेरीज) नको, मॅच प्ले (प्रत्येक होलची वेगळी हार-जीत) ठेवा. खासबागेत कशी प्रत्येक कुस्तीचा निकाल वेगळा, एक जोड चीतपट झाली म्हणून दुसऱ्या जोडीचं काही जात नाही, तसंच इथं. शिवाय एखाद्याने एका होलवर दहा मारले तरी जातो एकच होल, पुढच्या टीवर (होलचा पहिला शॉट मारायची जागा) तो परत ताजातवाना. नवख्याला हाच फॉरमॅट झेपतो.

ढाचा रायडर कपचा घ्या. 1927 पासून चालत आलेली स्पर्धा आहे, आता तिथं अमेरिका आणि युरोपचे बारा-बारा जण असतात आणि एकूण 28 पॉइंट. तुम्ही आठ जण आहात तर पहिल्या दिवशी फोरसम्सच्या चार मॅच, दुसऱ्या दिवशी फोरबॉलच्या चार (जोडीत प्रत्येकाचा आपला बॉल, दोघांतला चांगला स्कोअर धरायचा), तिसऱ्या दिवशी आठ सिंगल्स (एकास एक), म्हणजे एकूण 16 पॉइंट, साडेआठ झाले की कप तुमचा. मॅच बरोबरीत सुटली तर अर्धा-अर्धा.

फोरसम्स म्हणजे दोघांत एकच बॉल, आळीपाळीने मारायचा, एकाने विषम होलवर टी-ऑफ करायचा, दुसऱ्याने सम. पहिल्या दिवशी हेच ठेवा असं मी मुद्दाम सांगतोय, कारण यात जोडीदाराने झाडीत घातलेला बॉल तुम्हालाच बाहेर काढावा लागतो आणि तिथंच टीम बनते. एक लक्षात ठेवा, पेनल्टी बसली तरी पाळी बदलत नाही. आणि चुकून ज्याची पाळी नाही त्याने मारलं तर होल जातो, यावर पहिल्या दिवशी हमखास वाद होतो, तेव्हा टीवरच सगळ्यांना सांगून टाका.

सिंगल्सच्या जोड्या लावताना दोन्ही कॅप्टननी आपली नावं क्रमाने लिहून बंद पाकिटात द्यायची आणि एकाच वेळी उघडायची. मग कोण कुणाच्या वाट्याला आलं यावर कुणाला बोलायला जागा राहत नाही.

प्रश्न : हँडिकॅपचं काय करायचं? त्यांच्यातला एक जण अठरा सांगतो पण खेळतो आठसारखा असं आमच्यात सगळे म्हणतात. – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : सगळे म्हणतात यावर जाऊ नका, पाहुणा घरी येण्याआधीच त्याच्यावर आळ घेणं बरं नाही. 2020 पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे, त्यात शेवटच्या 20 राउंडपैकी सगळ्यात चांगल्या 8 धरून हँडिकॅप इंडेक्स निघतो, तेव्हा मॅचच्या आधीची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशीचा इंडेक्स दोन्ही ग्रुपनी एकमेकांना पाठवा. ज्यांचा ऑफिशियल हँडिकॅप नाही त्यांची अलीकडची कार्डं दोन्ही कॅप्टननी सोबत बसून बघायची आणि आकडा ठरवायचा, तोही आधीच, मॅचच्या सकाळी नाही.

आता हिशोब. सिंगल्सला दोघांच्या कोर्स हँडिकॅपमधला (इंडेक्सवरून त्या कोर्ससाठी निघणारा आकडा) पूर्ण फरक द्यायचा. फोरबॉलला प्रत्येकाचा 90 टक्के धरायचा, चौघांत ज्याचा सगळ्यात कमी त्याला शून्य करायचं आणि बाकीच्यांना फरक द्यायचा. फोरसम्सला जोडीची बेरीज करून अर्धी. समजा तुमची जोडी 18 आणि 24, बेरीज 42, अर्धे 21. त्यांची 10 आणि 16, बेरीज 26, अर्धे 13. म्हणजे तुमच्या जोडीला आठ शॉट मिळणार, कार्डावर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) 1 ते 8 असलेल्या होलवर एकेक. हे आठ शॉट हक्काचे आहेत, घेताना लाजायचं कारण नाही, चोवीसवाला माणूस दहावाल्याला घाम फोडू शकतो ते याच्यामुळेच.

प्रश्न : मागच्या एका मॅचमध्ये समोरच्याने माझा दोन फुटांचा पट (बॉल होलमध्ये घालायचा हलका शॉट) दिला, म्हणजे न मारताच गेला असं धरलं, म्हणाला उचल. मी सवयीने मारला आणि चुकला, तर तो म्हणतो आता होल हाफ (बरोबरीत) नाही. खरं काय? – एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : होल हाफच. मॅच प्लेमध्ये एकदा पट दिला की दिला, देणाऱ्याला परत घेता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारता येत नाही, त्यानंतर तुम्ही मारलेला पट धरतच नाहीत. फक्त फोरबॉलला जोडीदाराला लाइन कळेल असा दिलेला पट मारायचा नाही, तसं केलं तर त्या होलवर जोडीदाराचा स्कोअर धरत नाहीत.

पट द्यायचा कधी हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, नियमात अंतर नाही. पण 1969 ला इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल कोर्सवर काय झालं ते तुमच्या पूर्ण ग्रुपला सांगा. रायडर कपची शेवटची मॅच, शेवटचा होल, दोन्ही टीम बरोबरीत. अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पट घातला आणि ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट बाकी होता, तो चुकला असता तर अमेरिका सरळ जिंकली असती. निकलसने जॅकलिनचा मार्कर (बॉलच्या जागी ठेवलेली खूण) उचलून त्याच्या हातात दिला, म्हणजे पट दिला. 16-16 वर सुटली. निकलसचा स्वतःचा कॅप्टन सॅम स्नीड यावर खूश नव्हता, पण आज लोकांना त्या वर्षातलं काय आठवतं तर तो पट. आधीचा कप अमेरिकेकडे असल्यामुळे बरोबरीतही तो त्यांच्याकडेच राहिला हे वेगळं, पण निकलसच्या जागी मी असतो तर माझा हात मार्करकडे गेला असता का, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो माणूस मला इतका मोठा वाटतो.

प्रश्न : फेअरवेवर (टी आणि होलच्या मधल्या कापलेल्या गवतावर) थांबलेला बॉल कुत्रं घेऊन पळालं तर? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कुत्र्यानेच नेला हे कुणी बघितलं असेल किंवा जवळपास खात्री असेल तर पेनल्टी नाही. होता त्या जागी, नक्की जागा माहीत नसेल तर अंदाजाने, बॉल परत ठेवायचा, तो नाही मिळाला तर दुसरा. नुसता दिसत नाहीये म्हणून कुत्र्यावर घालायचं नाही, तीन मिनिटांत सापडला नाही तर तो हरवलेलाच.

प्रश्न : 8-8 झालं तर कप कुणाचा? आणि पाहुण्यांच्या जेवणाचं कसं करावं? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बरोबरीत कप आधीच्या विजेत्याकडे राहतो, पण तुमचं पहिलंच वर्ष, आधीचा विजेता कुणीच नाही. माझं मत, प्लेऑफ नको, सहा महिने इथं सहा महिने तिथं, आणि हे पहिल्या टी-ऑफच्या आधी कागदावर लिहून दोन्ही कॅप्टनच्या सह्या घ्या.

जेवणात तांबडा-पांढरा होणारच, तो पहिल्या दोन रात्री करा, व्हेज खाणारे किती ते आधी विचारून. सकाळी सातच्या टी-ऑफला चहा, केळी, पोहे एवढंच ठेवा आणि झणझणीत मिसळ राउंड संपल्यावर. शेवटच्या दिवशी मात्र दुपारचंच जेवण ठेवा, संध्याकाळी त्यांना हायवेने बेळगाव गाठायचंय.