पाळण्याचा पत्ता मुलींना कोण सांगणार?

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर आमच्याकडे उसाच्या सरीत एका दिवसाचं बाळ सापडलं. नशिबानं जगलं. दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात तोच विषय. सगळे त्या न पाहिलेल्या आईला शिव्या घालत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण मग तिनं करायचं तरी काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेत म्हणे बाळ दवाखान्यात किंवा अग्निशमन केंद्रात देऊन आईला निघून जाता येतं. आपल्याकडे असं काही आहे का? वर्गात सांगू का, असं प्राचार्यांना विचारलं, तर म्हणाले, "नको त्या वाटा कशाला दाखवता?"
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या मागच्या बाकावरच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी अठ्ठावीस वर्षं गेली आणि एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या मीटिंगमध्येही कोणी विचारला नाही.

आपल्याकडे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ३५ काढून बघा. शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांनी, म्हणजे स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणांनी, आईबापाला मूल सांभाळणं शक्य नसेल तर ते बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवू शकतात. कागदावर 'समर्पण' लिहितात, आम्ही सगळे सरळ 'सरेंडर' म्हणतो. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. ती आधी आईशी बोलते, समुपदेशन होतं, मग सही. सही झाली की सगळं संपलं, असंही नाही. विचार बदलायला दोन महिने मिळतात. तोवर बाळ बहुधा मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत राहतं. आई परत आली नाही तरच त्याच्या दत्तकाची वाट मोकळी होते. आई अविवाहित असेल तर समितीच्या एकाच सदस्यापुढे, शक्यतो बाई सदस्यापुढे, सही होऊ शकते. सगळ्या पंचांसमोर उभं राहावं लागत नाही.

हे दोन महिने फार मोलाचे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी माझ्याकडे एकोणीस वर्षांची मुलगी आली होती, आत्याबरोबर, 'पोटात दुखतंय' म्हणून. गळ्यात मंगळसूत्र, पण दोरा इतका पिवळाधमक, की कालच ओवलेला असणार. असे दोरे मी बरेच पाहिलेत. दोन किलो शंभर ग्रॅमचं बाळ झालं. मला वाटलं, पोरगी बाळाबद्दल विचारेल. तिचा पहिला प्रश्न, "केसपेपरवर माझं नाव लागतं का?" आणि आत्याचा, "आधार कार्ड दिलंच पाहिजे का?" बदनामीची भीती आम्हाला अशी कागदाच्या रूपात भेटते. कायद्यानं ही सगळी माहिती गोपनीय ठेवायची असते, हे मी तिला चार वेळा सांगितलं, तेव्हा कुठे तिनं खरं आडनाव सांगितलं. तिनं बाळ सरेंडर केलं. बावन्नाव्या दिवशी आईला घेऊन आली आणि बाळ घेऊन गेली. तिच्याच महिन्यातली दुसरी एक आलीच नाही. मला दोघींचंही पटलं.

ज्या बाईला समितीपर्यंतही जायचं धैर्य नाही, तिच्यासाठी पाळणा. दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो, बाळ ठेवून निघून जायचं. तामिळनाडूनं १९९२ मध्ये सेलममध्ये ही योजना सुरू केली, केरळात २००२ पासून 'अम्मत्तोट्टिल' आहे. आपल्याकडे पाळणे आहेत, पण गावातल्या किती मुलींना पाळण्याचा पत्ता माहीत आहे? उद्या वर्गात हात वर करायला सांगा.

आता अमेरिकेचं. टेक्सासनं १९९९ मध्ये असा पहिला कायदा केला, पुढे पन्नासही राज्यांत झाला. मुदत प्रत्येक राज्याची वेगळी. कॅलिफोर्नियात बाळ बहात्तर तासांच्या आतलं हवं. आई नाव न सांगता निघून जाऊ शकते, चौदा दिवसांत परत मागूही शकते. पण मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझी भाची तिकडे सनीव्हेलला असते. तिच्या लेकीनं शाळेतून येऊन हा कायदा घडाघडा सांगितला. तिथे सातवी ते बारावीच्या लैंगिक शिक्षणात तो शिकवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात गर्भाच्या वाढीचे टप्पे असतात, पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

प्राचार्यांना एक विचारा. त्यांच्या केबिनमध्ये जोतिरावांचा फोटो असेलच. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या खुशीवर, असा त्यांचा आशय होता. भिंतीवर, उघड. पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत डॉक्टर झाला. नको त्या वाटा दाखवल्याचा आरोप तेव्हाही झाला असेल.

पण मुलींना गोड गोड सांगू नका, बाई. कायदा 'काहीही करा, माफ' असं म्हणत नाही. उसात, गटारात, एस.टी.च्या बाकाखाली बाळ टाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुसरीकडे, परिस्थितीच हाताबाहेरची होती असं दिसलं, तर आईनं मूल मुद्दाम टाकलं नाही असं बाल न्याय कायदा धरून चालतो आणि त्याच्या कलम ७५ ची, मुलाशी क्रूर वागल्याबद्दलची, शिक्षा तिला लागू होत नाही. म्हणून फरक सांगा. सुरक्षित हातात देणं वेगळं, टाकणं वेगळं.

आणि मुलगी अठराच्या आतली असेल, तर दवाखाना पोलिसांना कळवणार. पोक्सो कायद्यानं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे लपवलं तर मुली आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. पण गुन्हा तिच्यावर नसतो, कायद्याच्या लेखी ती स्वतःच बालक असते. लवकर आली तर आणखी वाटा असतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीनं चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. अशा गर्भपाताच्या वेळी मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं. बाळ सरेंडर करतानाही अल्पवयीन आईबरोबरच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. म्हणून विश्वासातलं एक मोठं माणूस शोधायला शिकवा. ते आईच असेल असं नाही.

अजून एक. "माझ्या ओळखीचं जोडपं आहे, गुपचूप देऊन टाक," असं म्हणणारी मावशी किंवा सिस्टर भेटतेच. त्यात पैसे फिरले तर ती मुलाची विक्री, बाल न्याय कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत कैद. दवाखान्यातलंच कोणी असेल तर तीन ते सात वर्षं. पैसे नसले तरी ते दत्तक बेकायदेशीरच. मुलींना हेही सांगायला हवं.

स्लाइड, भाषण काही नको. एक कागद छापा. त्यावर १०९८ हा बालकांच्या मदतीचा फुकटचा नंबर, बाल कल्याण समितीचा आणि जवळच्या पाळण्याचा पत्ता, आणि खाली 'नाव गुप्त राहतं'. तो सूचना फलकावर लावू नका, तिथे उभं राहून वाचायची हिंमत कोणाला होणार? मुलींच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि मुलांच्या स्वच्छतागृहातही, हे विसरू नका. बाळ एकटीचं नसतं.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. माझी मैत्रीण हल्ली सैल कपडे घालते, पीटीला बसून राहते, डबा खात नाही. तिनं मला शपथ घातली आहे की कोणाला सांगायचं नाही. सातवा महिना असेल. घरच्यांना माहीत नाही. मी काय करू?
– नाव नको

उत्तर : शपथ मोड, बाळा. आजच. रागावेल, महिनाभर बोलणार नाही, चालेल. बाथरूममध्ये एकटीनं बाळंत होताना रक्त वाहून मुली जातात, मी पाहिलं आहे. ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना सांग. शाळेत कोणी तसं नसेल तर १०९८ ला स्वतः फोन कर, रात्रीही उचलतात. तुझं वय सोळा असलं तरी ते ऐकतात. तिला एवढंच म्हण, "बाळ ठेवायचं की नाही ते नंतर ठरव, आधी दवाखान्यात चल." सरकारी रुग्णालयात बाळंतपणाला पैसे पडत नाहीत. तिथे समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचार, तिथल्या मॅडमकडे ने.

आणि त्याआधीच कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन. आधार कार्ड शोधत बसू नका. घरातली एक जुनी, धुतलेली सुती साडी घ्या. बाळ वाटेतच झालं तर त्याला पुसून कोरडं करायचं, साडीत गुंडाळून तिच्या छातीशी धरायचं. नाळेला ब्लेड लावायचं नाही, ती अॅम्ब्युलन्समधले डॉक्टर बघतील.