व्हिनिअरसाठी पुढचे दात किती घासतात? घासलेला दात परत पहिल्यासारखा होतो का?

व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा पोर्सलेनचा पातळ पापुद्रा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही होत. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, नखासारखं पुन्हा वाढत नाही.

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात लग्न आहे, वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे, रंग जरा पिवळट आहे आणि "दात तासून खुंट करतात" असं मैत्रिणीने सांगितल्यापासून झोप उडालीय. मैत्रिणीने पाहिलं ते कॅपचं काम असणार. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो. व्हिनिअरसाठी ओठाकडची बाजू आणि गरज पडली तर खालची धार, एवढंच. जीभ लागते ती बाजू बहुतेक तशीच राहते.

मी सिंधुदुर्गात दातांचा दवाखाना चालवतो, तेव्हा आकडे रोजच्या हातातले सांगतो. हिरडीजवळ साधारण 0.3 मिलिमीटर, मध्यावर 0.5, धारेकडे 0.7. हिरडीकडे कमी, कारण तिथे मुळात इनॅमलच पातळ असतं. धारेवर पोर्सलेन गुंडाळून घ्यायचं असेल तर तिथे दीड मिलिमीटरच्या आसपास जागा लागते, पण दाताची लांबी वाढवायचीच असेल तर त्यातली बरीचशी न घासताच मिळते.

घासताना इनॅमल ओलांडून आतल्या थरात शक्यतो जायचं नाही, कारण व्हिनिअर इनॅमलवरच सर्वांत घट्ट चिकटतं. इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड थोडे सेकंद ठेवून धुतलं की त्याला बारीक बारीक छिद्रं पडतात. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याला गिलावा कसा धरून बसतो? तसंच. गुळगुळीत फरशीवर तोच गिलावा पापुद्र्यासारखा सुटेल. ही युक्ती बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी 1955 साली मांडली, आणि व्हिनिअरचा सगळा डोलारा आजही तिच्यावरच उभा आहे.

आता प्रत्यक्ष काम. दाताला मशीन लावण्याआधी तुमच्या दातांच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवतात आणि त्यावरून दातांच्या रंगाचं तात्पुरतं मटेरियल तुमच्या तोंडात बसवून दाखवतात. मी पेशंटला आरसा देऊन खिडकीशी उभं करतो आणि "फणस, वांगी, फुटाणे" म्हणायला लावतो. दात जास्त लांब झाले असतील तर 'फ' आणि 'व' म्हणताना लगेच कळतं. पसंत पडलं की त्या तात्पुरत्या थरावरूनच ठरावीक खोलीच्या चऱ्या पाडायच्या, चरीच्या तळाशी पेन्सिल फिरवायची आणि पेन्सिलीची रेघ जेमतेम पुसली जाईपर्यंत घासायचं. दात आधीच थोडा आत असेल तर कधीकधी सगळा तात्पुरता थरच निघतो आणि खालच्या दाताला मशीन लागतही नाही. तुमच्या बाबतीत मात्र फटीकडची बाजू थोडी आतपर्यंत घ्यावी लागेल, नाहीतर व्हिनिअरची कड बाजूने दिसेल.

दुखतं का? इनॅमलमध्ये नसा नसतात. तरी हिरडीत बारीक दोरा सरकवून माप घेतात तेव्हा टोचतं, म्हणून मी बहुतेकांना भूल देतो.

रंग घासण्याआधीच ठरवून घ्या. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एकीचा रंग काम आटपल्यावर जुळवला. तोंड बराच वेळ उघडं, दात कोरडे. कोरडा दात मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो. व्हिनिअर बसवली आणि चार दिवसांनी बाई परत आल्या: "डॉक्टरांनू, हे दोन दात चुनो फासल्यासारखे दिसतत." खरंच दिसत होते. स्वतःच्या खर्चाने दोन्ही काढून नवी बसवून दिली.

लॅबमधून व्हिनिअर येईपर्यंत तात्पुरती असतात, ती मुद्दामच हलकी चिकटवलेली असतात. त्या दिवसांत कुर्ल्यांचे डेंगे (खेकड्यांच्या नांग्या) पुढच्या दातांनी फोडू नका. (पक्की बसल्यावरही नकोच, सुपारी तर अजिबात नको.)

खरं सांगू? फट बारीक असेल आणि रंगच खटकत असेल तर मी आधी ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळवणं, सुचवेन. मग दोनेक आठवडे थांबून, कारण ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलेलं नीट धरत नाही, फटीत कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल, भरायचं. त्यात दात जवळजवळ घासावा लागत नाही. कॉम्पोझिटवर कालांतराने डाग धरतात, पॉलिश करावं लागतं, पण दात शाबूत राहतो आणि व्हिनिअरचा रस्ता पुढे कधीही मोकळा असतो.

काहीही ठरवलंत तरी ब्रश करताना रक्त येतं का ते आजच बघा. येत असेल तर आधी दात साफ करून हिरड्या बऱ्या होऊ द्या. रक्त येणाऱ्या हिरडीशी कडेचं माप नीट उठत नाही, आणि ती बरी व्हायला लागणारे आठवडेही मेच्या आतच बसवायचे आहेत.