जुन्या डिझेल ट्रकचा ब्लॉक हीटर चालू आहे की मेला आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सेकंडहँड डिझेल ट्रक घेतलाय, बंपरच्या मागून तीन पिनांची एक वायर लोंबतेय, ती रात्रभर प्लगमध्ये लावून ठेवली. दिवा लागला नाही, आवाज आला नाही आणि सकाळी सेल्फ रोजच्याइतकाच मारावा लागला. आता हीटर गेलाय की वायर, की तिथे हीटरच नाही?

आधी पैज लावतो: वायर. बहुतेक वेळा वायरच असते. तरी तपासल्याशिवाय काही विकत आणू नका. मी ती चूक केलेली आहे, खाली सांगतो.

दिवा नसतोच, त्यामुळे तो लागला नाही यावरून काही कळत नाही. ब्लॉक हीटर म्हणजे कडाक्याच्या थंडीत सुरू करण्याआधी इंजिन कोमट करणारा रॉड; बादलीत बुडवून पाणी तापवायचा रॉड असतो ना, त्याचाच धाकटा भाऊ. इंजिनच्या ब्लॉकमध्ये कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) पोकळीत बसवलेला, बहुधा एखाद्या फ्रीझ प्लगच्या, म्हणजे ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या बुचाच्या, भोकात. (1949 साली नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना ज्या हीटरचं पेटंट मिळालं, तो हेडच्या बोल्टच्या जागी बसायचा. म्हणून जुनी माणसं अजून त्याला हेडबोल्ट हीटर म्हणतात.) ब्लॉक हीटर तुमच्या गाडीत आहे का, हे पाहायला वायरीचा माग काढत आत जा. ती ब्लॉकवरच्या एका गोल पितळी किंवा स्टीलच्या तोंडाशी संपली, तर हीटर आहे. नुसतीच पट्टीने बांधून सोडलेली सापडली, तर कुणीतरी हीटर काढून वायर तशीच ठेवलीय. असंही पाहिलंय.

पहिली तपासणी फुकटची. इंजिन पूर्ण गार असताना, आजूबाजूला शांतता असताना वायर प्लगमध्ये लावा आणि बोनेट उघडून कान द्या. हीटर जिवंत असेल तर एक-दोन मिनिटांत ब्लॉकमधून बारीक सूं-सूं ऐकू येते, आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळाशी येते तशी. रॉडला चिकटलेलं कूलंट तापून बुडबुडे धरायला लागतं, त्याचा तो आवाज. आला तर निम्मं काम झालं. नाही आला तर लगेच निकाल देऊ नका, काही हीटर फारच गुपचूप काम करतात.

खरा निकाल मल्टिमीटर देतो. वायर भिंतीतून काढा. हे पुन्हा सांगतो, कारण मीटर ओहमवर ठेवून चालू लाइनला लावलं तर मीटर जातं, आणि हात नीट नसला तर हातही. मीटरच्या दोन्ही टोकांना आधी एकमेकांना टेकवा, जो अर्धा-पाऊण ओहम दिसेल तो लक्षात ठेवून नंतर वजा करा. मग ट्रकच्या प्लगच्या दोन वीजवाहक पिनांवर टोकं ठेवा, अर्थची पिन सोडून.

किती यायला हवं, हे हीटरवर लिहिलेल्या वॅटवर ठरतं. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, एवढंच गणित. 120 व्होल्टच्या देशातला 1000 वॅटचा हीटर साधारण 14 ओहम दाखवतो, 1500 वॅटचा साडेनऊच्या आसपास, 750 वॅटचा 19. 230 व्होल्टवरचा 1000 वॅटचा हीटर 53 दाखवतो. एखाद-दुसरा ओहम इकडेतिकडे चालतो. मीटरवर ओ-एल (OL, म्हणजे मीटरला मोजता न येण्याइतका रोध) आलं, म्हणजे रस्ता कुठेतरी तुटलाय. शून्याजवळ आलं तर शॉर्ट, मग तो प्लग भिंतीत लावायचाच नाही.

आता एक टोक अर्थच्या पिनेवर ठेवा आणि दुसरं आलटून पालटून बाकीच्या दोन्हींवर. इथे ओ-एल हवं. आकडा दिसला तर रॉडच्या आतलं इन्शुलेशन खराब झालंय. त्या रॉडच्या नळीत पांढरी भुकटी भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड. टोकाचं सील फाटलं की ती हवेतला ओलावा पिऊन घेते आणि गळती सुरू होते. मीटरला ही गळती नेहमी दिसत नाही, कारण ते फक्त काही व्होल्टवर मोजतं. पण प्लग लावताच अर्थ-लिकेजचा ब्रेकर पडत असेल, तर ब्रेकरवर विश्वास ठेवा, मीटरवर नको. ब्रेकरला वळसा घालून दुसऱ्या प्लगमध्ये लावण्याचा उद्योग तर अजिबात करू नका. उद्या सकाळी तुम्ही ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या हँडलला हात लावणार आहात.

दोन वीजवाहक पिनांमध्ये ओ-एल आलं की माणसं हीटर काढायला धावतात. मी धावलो. गार फरशीवर आडवा पडून कूलंट काढलं, अर्धं बाहीत गेलं, जुना रॉड उचकटून नवा बसवला. वायर जोडून पुन्हा मोजलं, तरी मीटर तेच. मग रागारागाने जुना रॉड टेबलावर ठेवून मोजला, तर 14 ओहम, ठणठणीत. दोष वायरीच्या हीटरकडच्या टोकात होता. ते टोक खेचून काढलं तर एक भोक हिरवं पडलेलं आणि दुसरं काळं, कडेचं प्लास्टिक फुगून फोडासारखं झालेलं. रस्त्यावरचं मीठ-पाणी नेमकं तिथेच उडतं, हलणारी लूज पिन तापत राहते आणि एक दिवस संपर्कच तुटतो.

म्हणून त्या दोन पिनांवर ओ-एल आलं तर वायर हीटरपासून सोडवा आणि रॉडच्या दोन पिनांवर थेट मोजा. तिथे आकडा आला तर हीटर ठीक, वायर बदला. तिथेही नाही आला, तरच कूलंटची बादली घ्या.

त्याआधी एक अडचण. काही ट्रकांच्या वायरीतच थर्मोस्टॅट असतो आणि हवा साधारण उणे 18 अंशांच्या खाली गेल्याशिवाय तो जोडच देत नाही. अशी वायर उबदार गॅरेजमध्ये मोजली तर ओ-एलच दाखवणार, आणि तिच्यात काही बिघाड नसणार. प्लगच्या मागे किंवा वायरीवर जाडसर गाठ दिसली तर संशय घ्या. तुम्ही लावलं त्या रात्री थंडी तेवढी नसेल, तर तुमचं सगळं कोडं इथेच सुटलं असेल. याचंही उत्तर तेच: रॉडवर थेट मोजा.

मीटर नसेल तर भिंत आणि वायर यांच्यामध्ये लावायचं वॅट-मीटर घ्या. हीटरवर 1000 लिहिलंय आणि मीटर हजाराच्या आसपास दाखवतंय, झालं. 850 दाखवत असेल तर हीटरला दोष देण्याआधी एक्स्टेंशन पाहा. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज 5 टक्के पडलं की उष्णता जवळजवळ 10 टक्के कमी होते. अर्ध्या तासाने एक्स्टेंशनचा प्लग हातात धरून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर ती वायर या कामाची नाही. आणि वेटोळं करून कधीच वापरू नका.

हाताने तपासणार असाल तर रेडिएटरचा वरचा पाइप धरू नका. सगळे तोच धरतात आणि गार लागला की हीटर मेला म्हणतात. गार इंजिनचा थर्मोस्टॅट (वायरीतला नव्हे, कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद असतो, गरम कूलंट तिकडे जातच नाही. हात लावायचा तर हीटरच्या शेजारी ब्लॉकला लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकाकत्या धातूवर मारू नका, ते खोटं बोलतं. काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मारा. गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर असेल तर उत्तमच: रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं असतं. तीन-चार तास हीटर लावल्यावर कूलंट स्पष्टपणे वर दिसायला हवं. रात्रभर लावायची तशी गरज नसते, टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी सुरू केला तरी पुरतो.

रॉड बदलायची वेळ आलीच, तर कूलंट भरल्या भरल्या प्लग लावू नका. आधी इंजिन चालवून हवा बाहेर जाऊ द्या, पातळी पुन्हा भरा. रॉडभोवती हवेचा फुगा राहिला तर नवा कोरा रॉडही तिथेच जळतो.

आणि हीटर ठणठणीत निघाला, ब्लॉक कोमट लागला, तरीही सेल्फ तितकाच मारावा लागत असेल, तर ग्लो प्लग (सिलिंडरच्या आत तापणारी कांडी) किंवा इनटेक हीटर (आत येणारी हवा तापवणारा), बॅटरी आणि डिझेल बघा. ब्लॉक हीटर टाकीतलं डिझेल तापवत नाही. थंडीने मेण धरलेलं डिझेल फिल्टरमध्ये अडकलं असेल तर ब्लॉक कितीही गरम करा, इंजिन उपाशीच राहणार. मीटरवरचा आकडा आणि हीटरचे वॅट इथे टाका, मग पुढचं पाहू.