हॉटेल नंतर, आधी बेटाची बाजू

प्रश्न : ताई, मेच्या शेवटच्या आठवड्यात मॉरिशसला जायचं ठरतंय. सात रात्री. आम्ही दोघं, बारा आणि सात वर्षांच्या दोन मुली आणि सासूबाई. सासूबाईंना एकाहत्तरावं चालू आहे, गुडघे दुखतात. घरात सगळे शाकाहारी. एजंट पूर्व किनाऱ्यावर बेल मारचं मोठं रिसॉर्ट सुचवतोय, सवलतही भरपूर आहे. दीर म्हणतात उत्तरेला ग्रां बेमध्ये राहा, तिथे वर्दळ असते, करमतं. यांना डोंगरात शामारेलला लाकडी घर घ्यायचंय. त्यात बेट ज्वालामुखीचं आहे हे कळल्यापासून सासूबाई धास्तावल्यात. कुठे राहावं?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : सासूबाईंची धास्ती आधी घालवू या, नाहीतर त्या सातही रात्री नीट झोपायच्या नाहीत. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलं हे खरं, पण तिथली आग हजारो वर्षांपासून शांत आहे. धगधगतो तो शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी, आणि मध्ये सुमारे दोनशे किलोमीटर समुद्र आहे. सासूबाई पावागडला गेल्या असतीलच. पावागडचा खडक, आणि त्याबरोबर आपला अख्खा दख्खनचा काळा कातळ, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका उष्ण स्रोतामुळे बाहेर पडला. जमीन त्या स्रोतावरून उत्तरेकडे सरकत राहिली. मागे लक्षद्वीप-मालदीवची रांग तयार झाली, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. म्हणजे कालिकामातेचा डोंगर आणि हे बेट एकाच घराण्यातले. वर्गात मुलांना हे सांगताना मला दरवेळी अंगावर काटा यायचा, आणि अजूनही येतो.

आता तुमचा खरा प्रश्न. एजंट हॉटेलचे फोटो दाखवतो, खोल्या दाखवतो, पोहण्याचा तलाव दाखवतो. डोंगराळ बेटावर जायचं असेल तर मी त्याआधी दोन गोष्टी विचारते : तुमच्या महिन्यात वारा कुठून येतो, आणि त्या किनाऱ्यासमोर प्रवाळाची भिंत आहे का. या दोन उत्तरांवर अर्धं घर ठरतं.

मॉरिशसवर वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि आपल्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटाला, म्हणजे तिथला हिवाळा सुरू होताना, त्यांचा जोर वाढतो. ते आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतात, मग मधल्या पठारावर चढतात, तिथे पाऊस टाकतात आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे होतात. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो आणि पलीकडे देशावर ऊन, तसंच हे, फक्त दिशा उलट. बेट पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद, पण एकाच दुपारी पठारावरच्या क्युरपीप गावात छत्री लागते आणि पश्चिम किनाऱ्यावर टोपी.

म्हणून मेअखेरीस मी तुम्हाला पश्चिमेला, फ्लिक आं फ्लाक या गावात राहायला सांगेन. आणि हे मी अगदी ठाम सांगते आहे, कारण तुमच्याबरोबर एक म्हातारं माणूस आणि एक सात वर्षांचं पोर आहे. त्या दोघींना लाटा आणि बोचरा वारा नको. इथला किनारा लांब, सपाट, मागे सुरूच्या झाडांची दाट सावली. समोर प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि संथ असतं. खडक काळा असताना वाळू पांढरी कशी, असं मोठी मुलगी विचारेल. तिला सांगा, ती वाळू मुख्यतः प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. म्हणूनच पाण्यात उतरताना पायात रबरी बूट हवेतच, चौघींच्याही आणि यांच्याही. प्रवाळाचे तुकडे कापतात, आणि खडकाळ जागी समुद्री साळू असतात, त्यांचा काटा पायात मोडला तर सुट्टीचे दोन दिवस गेलेच. बूट बडोद्यातूनच घेऊन जा.

फ्लिक आं फ्लाकचा दुसरा मोठा फायदा असा की ते चालतं-बोलतं गाव आहे. किराणा, औषधाचं दुकान, फळं, बस, सगळं पायी. मेअखेरीस तिथे पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. पश्चिमेला तो थेट समुद्रात बुडताना सासूबाईंना बाकावर बसून दिसेल, आणि अंधार पडला की पाच मिनिटांत खोलीत. एकाकी रिसॉर्टमध्ये त्यानंतर करायचं काय, हा प्रश्न उरतो.

बेल मार वाईट नाही. पूर्वेची वाळू बेटावरच्या सर्वांत सुंदर वाळूंपैकी आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत गेला असतात तर मी तेच सुचवलं असतं, कारण तिथे उन्हाळा लागला की तोच वारा हवासा वाटतो. पण आत्ता सवलत एवढी का, हे एजंटला सरळ विचारा. ग्रां बेबद्दल दिरांचं म्हणणं खरं आहे, तिथे वर्दळ आहे, खरेदी आहे, उत्तरेला ऊनही छान. तुमच्या घरी दोन कॉलेजची मुलं असती तर मी हरकत घेतली नसती. उत्तरेतच राहायचं झालं तर ग्रां बेच्या गर्दीपेक्षा जवळचं त्रू ओ बिश बघा, पाणी शांत आणि वाळू मऊ आहे. मात्र विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आणि बघायच्या बऱ्याचशा जागा नैर्ऋत्येला, म्हणजे रोज अख्खं बेट ओलांडायचं. दुखऱ्या गुडघ्यांना गाडीत तासन्‌तास बसणं काय असतं, ते मी माझ्या आईच्या वेळी जवळून बघितलं आहे.

शामारेलचं लाकडी घर यांच्यासाठी राखून ठेवा, पण एकच रात्र, आणि तीही शेवटून दुसरी. वर रात्री गारवा असतो, पाऊस केव्हाही येतो, वाटा चढ-उताराच्या. सकाळी मात्र सात रंगांची माती बघायला गर्दीच्या आधी पोहोचता. ती माती म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे तिचे थर लाल, तपकिरी, जांभळे दिसतात. सासूबाईंना ते घर नकोच असेल तर फ्लिक आं फ्लाकहून सकाळी निघून दुपारी परत येण्याइतकं ते जवळ आहे. यांना तेवढी समजूत दाखवायला हवी.

खोली ठरवताना तीन प्रश्न लेखी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, नसल्यास लिफ्ट आहे का. न्हाणीघरात टबच्या काठावरून आत चढावं लागतं की सपाट जमिनीवर फवारा आहे. आणि खोलीत छोटा ओटा, निदान पाणी उकळायची सोय आहे का. ‘आमचा खासगी किनारा’ या शब्दांना भुलून जास्त पैसे मोजू नका, मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सर्वांना खुला असतो. कागदपत्रांचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा उतरल्यावर दाखवावा लागतो. म्हणून एका रात्रीचं ‘तिथे जाऊन बघू’ असं ठेवू नका.

जेवणाची काळजी सोडा. तिथली दालपुरी आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणावी, हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी. दोन-दोनच्या जोडीने देतात, वर वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची भाजी आणि चटणी. हरभरा डाळीचे मिरचीचे छोटे वडेही मिळतात. फक्त रिसॉर्टच्या रात्रीच्या जेवणासह पैसे भरू नका, नाश्ता पुरे.

एक दिवस गंगा तलावासाठी ठेवा. ते विवरात साठलेलं तळं आहे, डोंगरावर, आणि काठावर ३३ मीटर उंच मंगल महादेव उभा आहे. २००७ साली उभारलेली ती मूर्ती आपल्या सुरसागरच्या महादेवावरून घडवलेली आहे. बडोद्याच्या माणसानं हजारो मैलांवर जाऊन तो ओळखीचा चेहरा वर बघावा, यासारखा आनंद मला तरी सांगता येत नाही. गाडी जवळपर्यंत जाते. वर वारा थंड असतो, सासूबाईंसाठी शाल आणि कानटोपी घ्या. परतीच्या वाटेवर क्युरपीपचं विवर लागेल, त्याच्या कडेवरून गाडीरस्ता आहे, त्यांना खाली उतरावंही लागणार नाही. पश्चिमेला, काळ्या नदीच्या जिल्ह्यात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. सासूबाईंनी तिथल्या एखाद्या आजीशी मराठीत बोलून बघावं, मला फार वाटतं.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री म्हणून जागा आहे. तिथे प्रवाळाची भिंत नाही, लाटा सरळ काळ्या कड्यावर फुटतात. बघा अवश्य, पण धाकटीचा हात सोडू नका आणि पाण्यात कुणीच पाय घालू नका.

प्रश्न : जुलैत आम्ही दोघं सहा रात्री बालीला चाललोय. पॅकेजवाल्याने सहाही रात्री कुटामध्ये दिल्यात. मला बातुर ज्वालामुखीवर सूर्योदय बघायचाय. जागा बदलावी का?
— मांजलपूर, बडोदे

उत्तर : बदलाच. कुटाचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, लाटा मोठ्या, पाण्याची ओढ जोरदार. लाटांवर स्वार होणाऱ्यांना तो आवडतो. तुम्ही पोहणार असाल तर पूर्वेच्या सानूरला राहा, प्रवाळामुळे पाणी शांत असतं. जुलै हा तिथला कोरडा मोसम, गर्दीचाही, म्हणून आजच ठरवा.

बातुरची चढाई पहाटे साडेतीन-चारला सुरू होते. बेटाच्या आतल्या भागातल्या उबुदहून निघायचं तर रात्री दोनला गाडी दारात येते आणि सगळा दिवस झोपेत जातो. त्यापेक्षा एक रात्र थेट बातुरच्या पायथ्याच्या तळ्याकाठी, तोया बुंगकाह गावात काढा. शिखर १,७१७ मीटर, दोनेक तासांची चढण, वाट सुट्या खडीची. उतरलात की गावात गरम पाण्याचे झरे आहेत. रात्री तिथे खरी थंडी असते, आणि बालीला निघालेली बहुतेक मंडळी स्वेटर घरीच ठेवतात. बाकीच्या दोन रात्री उबुद, तीन सानूर.

पूर्वेला आगुंग आहे, ३,०३१ मीटरचा, अजून जागृत असलेला ज्वालामुखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. म्हणून प्रवासाचा विमा काढताना ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर भरपाई आहे का, ते कलम स्वतः वाचा. परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसला हजर व्हायचं असेल तर एक दिवस हाताशी मोकळा ठेवा.

प्रश्न : नातवाला धगधगता ज्वालामुखी बघायचाय. मॉरिशसला जोडून रियुनियनला दोन रात्री जाता येईल का? समुद्रावर राहू की डोंगरावर?
— दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : येईल, विमानाने पाऊण तासाचं अंतर आहे. ते बेट फ्रान्सचा भाग आहे, मॉरिशसची व्हिसाची सवलत तिथे चालत नाही, तेव्हा प्रवेशाचे नियम आधी तपासा. उद्रेक चालू असेल तर मधल्या विवराचा भाग बंद करतात, हेही नातवाला आत्ताच सांगून ठेवा.

पहिली रात्र डोंगरावर, बूर म्युरा गावात. तिथेच ज्वालामुखीचं संग्रहालय आहे, आदल्या दुपारी ते दाखवा म्हणजे दुसऱ्या दिवशी जे दिसेल ते त्याला कळेल. उंची १,६०० मीटरच्या आसपास, रात्री दात वाजतात. पहाटे उजाडायच्या आत निघा, पाऊण तासात गाडी बेलकोंबच्या कठड्याशी पोहोचते आणि समोर पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर. दहाच्या सुमारास ढग चढू लागतात, मग समोर पांढरं धुकं. तेव्हा खाली उतरा आणि दुसरी रात्र पश्चिम किनाऱ्यावर सें जीलच्या बाजूला काढा. पोहायचं ते फक्त लेर्मिताजच्या प्रवाळाआडच्या पाण्यात. रियुनियनच्या उघड्या समुद्रात शार्कचे हल्ले झालेले आहेत आणि २०१३ पासून तिथे पोहण्यावर निर्बंध आहेत. फलक फ्रेंचमध्ये असतात, म्हणून हॉटेलातल्या माणसाकडून आजची परवानगीची जागा रोज सकाळी विचारून घ्या.