ईल्स आजाराची शंका असताना टीबीच्या तपासण्या कशासाठी?

तुमच्या २६ वर्षांच्या भावाला उजव्या डोळ्यासमोर अचानक काळे धागे आणि धूर दिसू लागला, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही डोळ्यात रक्त उतरल्याचे निघाले, आणि डॉक्टरांनी ‘ईल्स असू शकतो’ असे सांगून टीबीच्या तपासण्या लिहून दिल्या. खोकला नाही, ताप नाही, मग टीबी कुठून आला, असे तुम्ही विचारले आहे. मी दृष्टिपटलाच्या आजारांवर उपचार करतो. भावाला न तपासता निदानावर मत देणार नाही, पण या तपासण्यांमागचे कारण निश्चित सांगू शकतो.

बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या नेत्रवैद्यांनी १८८० साली तरुण पुरुषांच्या डोळ्यांत वारंवार होणाऱ्या या रक्तस्रावाचे वर्णन केले. पाश्चात्त्य देशांत आज हा आजार क्वचित आढळतो. भारतीय उपखंडात मात्र तो तुलनेने अधिक दिसतो, बहुधा २० ते ४० वयाच्या आणि एरवी धडधाकट असलेल्या पुरुषांत. डोळ्याच्या पडद्याच्या (दृष्टिपटलाच्या) कडेकडच्या शिरांना सूज येते, पुढे त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि उपाशी राहिलेल्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्या फाटल्या की रक्त डोळ्यातील काचद्रवात, म्हणजे डोळा भरून असलेल्या पारदर्शक जेलीसारख्या पदार्थात, पसरते आणि रुग्णाला धागे दिसतात. बाहुली मोठी करून, पापणीवरून डोळा हलकेच दाबत अगदी टोकापर्यंत पाहिले, तर शिरेला पांढरे म्यान चढवल्यासारखे दिसते. नुसता मध्यभाग पाहणाऱ्याच्या नजरेतून ते सहज सुटते. रक्तामुळे आत काहीच दिसत नसेल, तर पडदा जागेवर आहे ना, हे आधी सोनोग्राफीने पाहावे लागते.

अडचण अशी की ईल्स सिद्ध करणारी एकही चाचणी नाही. असेच चित्र निर्माण करणारी इतर कारणे वगळत गेल्यावरच हे नाव देता येते. म्हणून रक्तातील साखर, सिफिलिस, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) यांच्या तपासण्या होतात, आणि रुग्ण विदर्भातील किंवा नंदुरबारकडील असेल तर मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आवर्जून करवतो. टीबीचे म्हणाल, तर फुप्फुसे स्वच्छ असतानाही टीबीमुळे, बहुधा त्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेतून, पडद्याच्या शिरांना सूज येऊ शकते. तेव्हा खोकला नसणे हा टीबी नसल्याचा पुरेसा पुरावा नव्हे. उलट मान्टू (त्वचेत टोचून करायची टीबीची) चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे डोळ्यात टीबी आहे, असेही नाही, कारण आपल्याकडे ती कितीतरी निरोगी माणसांतही तशी येते. टीबीची औषधे सुरू करायची की नाही, हे नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी मिळून ठरवावे. त्यांत इथॅम्ब्युटॉल असेल तर दृष्टी आणि रंगज्ञान अधूनमधून तपासून घ्या, कारण ते औषध डोळ्याच्या नसेला अपाय करू शकते.

सूज सक्रिय असेल तर स्टेरॉइड देतात, मात्र टीबीचा प्रश्न निकाली काढल्यानंतर किंवा त्यावरील औषधांच्या जोडीने. रक्तपुरवठा कुठे तुटला आहे हे हातात रंगद्रव्य टोचून काढलेल्या अँजिओग्राफीत कळते (त्यानंतर दिवसभर लघवी नारिंगी-पिवळी होईल, त्याने घाबरू नये), आणि नव्या वाहिन्या असतील तर त्या भागावर लेझर करतात. रक्त दोन-तीन महिन्यांत विरले नाही किंवा पडदा ओढला जाऊ लागला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. डोळ्यात द्यायची इंजेक्शने काहींना उपयोगी पडतात. परंतु पडद्यावर आधीच ताण असेल तर तो वाढण्याचा धोका असतो.

माझा सर्वाधिक आग्रह दुसऱ्या डोळ्याबद्दल आहे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या डाव्या डोळ्यातील रक्त आपोआप विरले, स्वच्छ दिसू लागले, म्हणून त्याने वर्षभर तपासणीच केली नाही. तो परत आला तेव्हा रक्त उजव्या डोळ्यात उतरलेले होते, आणि तो डोळा पहिल्या वेळी बाहुली मोठी करून कोणी पाहिलाच नव्हता. हा आजार बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, आणि रक्त विरले तरी नव्या वाहिन्या जागच्या जागी राहतात. तेव्हा भावाचा डावा डोळा टोकापर्यंत तपासला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. प्रकाशाचे लखलखाट दिसले किंवा एका बाजूने पडदा सरकत असल्यासारखी सावली आली, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी दाखवा.