अणुऊर्जेचं भवितव्य संशोधन ठरवतं की सरकारचं धोरण?

धोरण. संशोधन अनेकदा वर्षानुवर्षं आधीच तयार असतं. मला हे निफाड तालुक्यातल्या आमच्या कांदाचाळीने शिकवलं.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र 2002 मध्ये सुरू झालं. तिथे कोबाल्ट-60 च्या गामा किरणांनी कांद्याचा कोंब थांबवतात. हा कोबाल्ट वीज करणाऱ्या अणुभट्टीतही तयार होतो, म्हणून प्रश्न वाचून राहवलं नाही. मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा केंद्रात, यावर कित्येक वर्षं काम झालेलं होतं, परवानगी मिळाली 1994 साली आणि केंद्र उभं राहायला आणखी आठ वर्षं गेली.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी दहा गोण्या उन्हाळ कांदा तिथून करून आणला. थोरले बंधू चाळीच्या दारात आडवे उभे. "किरणांचा माल आपल्या मालाला लावू नकोस, घरात लेकरं आहेत." वहिनींनी मधे बारदान टांगून कोपरा वेगळा करून दिला, तेव्हा कुठे गोण्या आत गेल्या. नवरात्रात चाळ फोडली. दादांच्या बाजूला कांद्याच्या नाकातून बोट-बोट हिरवे कोंब आलेले, हातात घेतला तर आतून पोकळ. माझा कापला तर पाकळी घट्ट, डोळ्यांत पाणी आणणारा. सडका माल दोन्हीकडे निघाला, ते लपवणार नाही.

लिलावात मी खरं सांगितलं. व्यापाऱ्याने "किरणांचा" म्हणत क्विंटलमागे भाव तोडला. घरी दादा म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." वीस वर्षं ते वाक्य ऐकतोय.

दादा, भाव पडला तो लोकांना कुणी समजावून सांगितलं नाही म्हणून. ही किरणं कांद्यातून जातात, कांदा किरणोत्सारी होत नाही. 2007 मध्ये अमेरिकेने विकिरण केलेला आंबा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तोच हापूस लासलगावहून जात होता. किरणं तीच होती, बदलला तो तिकडचा नियम.

विजेचंही तसंच. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरून इंधन आणि तंत्र मिळणं कठीण झालं, तरी आपल्या लोकांनी जड पाण्याची 220 मेगावॅटची भट्टी 700 पर्यंत नेली. बाहेरच्या युरेनियमची वाट मोकळी झाली ती अणुपुरवठादार देशांच्या गटाने 2008 मध्ये दिलेल्या सवलतीनंतर. मग 2010 च्या अणुअपघात नुकसानभरपाई कायद्याने यंत्रं पुरवणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली, त्याने परदेशी कंपन्या बिचकल्या, आणि कोकणातल्या जैतापूरच्या सहा भट्ट्या कागदावरच राहिल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठीच्या अणुऊर्जा मोहिमेला 20,000 कोटी आणि 2047 पर्यंत 100 गिगावॅटचं, म्हणजे एक लाख मेगावॅटचं, लक्ष्य आहे. आज आपण नऊच्या आसपास आहोत. पैसा दिला ते बरंच झालं, पण गावात येऊन बोलायला माणसं नेमली नाहीत तर प्रत्येक चाळीच्या दारात एक दादा उभा राहील.

जैतापूरच्या मच्छीमारांना मात्र मी दादांच्या रांगेत बसवत नाही. जमीन आणि समुद्र त्यांचा जातो, त्यांचे प्रश्न खरे आहेत.

आणि कांदा न्यायचा असेल तर काढणीनंतर सुकला की लगेच, दोन-तीन आठवड्यांत न्या. आत कोंब धरल्यावर नेलात तर भाडं फुकट जाईल.