हातातलं काम काढून घेऊ नकोस

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू नवऱ्याच्या एमएसची, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजाराची, फाईल घेऊन आलीस, एमआरआयच्या फिल्म खिडकीशी धरून दाखवल्यास आणि उठता उठता विचारलंस, ‘काकू, मी नोकरी सोडू का?’ तुझ्या सासूबाई समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते: सोडू नकोस. धीर धर वगैरे सांगत बसत नाही, धीर तुझ्याकडे आहे. मला बोलायचंय ते वेगळंच. चहा झाल्यावर तुझा नवरा कपबश्या उचलायला लागला आणि तू त्याच्या हातातून त्या काढून घेतल्यास. ‘तू बस,’ म्हणालीस. तो बसला. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, कालपर्यंत हरिपूर रस्त्यावर सायकल हाणणारा पोरगा, मुकाट्याने बसला.

पोरी, त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस.

आमच्या यांनाही एमएस झाला तेव्हा हे मार्केट यार्डात हळदीची अडत सांभाळत होते. आधी डावा पाय ओढल्यासारखा व्हायचा, मग एका डोळ्याला धुकं आलं. मिरजेच्या दवाखान्यांच्या किती पायऱ्या चढलो, तेव्हा कुठे नाव कळलं. त्या काळात या पेशंटना सर्रास एकच सांगितलं जायचं: विश्रांती. दमू नका, चालू नका. आम्ही अक्षर न् अक्षर पाळलं. आजाराने नेलं नव्हतं तेवढं त्या अंथरुणाने नेलं. मांड्या पार वाळल्या. ते महिने आठवले की आजही पोटात तुटतं, कारण ते कुणी परत देणार नाही. पुढे एका तरुण न्यूरोलॉजिस्टने सांगितलं, की १९९६ सालीच अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एमएसच्या माणसांकडून पंधरा आठवडे व्यायाम करून घेतला होता, आणि त्यांचा दम वाढला, हातापायांत ताकद आली, मनही हलकं झालं. सांगलीत आम्हाला हे कोण सांगणार?

म्हणून तुझ्या सासूबाईंचं ‘पडून राहू दे त्याला’ ऐकलं की माझा तोल जातो. तुला सगळे सांगतील, सेवा कर. बायकांना हे फार लवकर शिकवतात. तोंडापाशी ताट, अंथरुणापाशी पाणी, मोजे घालून द्यायचे, आणि चार माणसांनी म्हणायचं, काय सून आहे! ते कौतुक घेऊ नकोस. त्याची किंमत तो मोजतो.

आमच्या नणंदबाई एकदा सकाळी सकाळी आल्या. हे शर्टाची बटणं लावत होते. बोटांना बधिरपणा, बटण काजात जायचं नाही, पुन्हा पुन्हा निसटायचं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. नणंदबाई पुढे सरसावल्या तर मी त्यांचा हात धरला. शेवटचं बटण लागेस्तोवर चहा गार झाला. ‘वहिनी, दगडाचं काळीज आहे तुझं,’ असं त्या म्हणाल्या आणि पुढे किती तरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हे एकदा मोरीत घसरले तेव्हा तर सगळं खापर माझ्यावर फुटलं. मी मोरीत धरायला दांडी बसवून घेतली, खाली खरखरीत फरशी घातली, आणि आंघोळ यांची यांनाच करू दिली. मी तेव्हाही बरोबर होते, आजही बरोबर आहे. हे शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने दाढी करत होते. नणंदबाईंना हे कधी पटलं नाही, न पटो.

पण माझं ऐकून त्याला पळवायला लागशील, तर तेही चुकेल. एमएसचा थकवा वेगळा असतो. आपल्याला दमल्यावर झोप लागते, सकाळी ताजंतवानं वाटतं. त्याला उठतानाच अंग शिशाचं झालेलं असेल. तो म्हणाला दमलोय, की दमलाय. तिथे वाद नाही. काम त्याने खाली ठेवायचं, तू ओढून घ्यायचं नाहीस. एवढाच फरक आहे, पण घरात रोज दहा वेळा याच फरकावर भांडण होतं.

उन्हाळा येतोय म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरून मिरजेला धावशील. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण, म्हणजे मायलिन, शरीराचीच प्रतिकारशक्ती खरवडते, हे डॉक्टरांनी तुला समजावलंच आहे. अशा उघड्या पडलेल्या नसा अंग तापलं की नीट चालत नाहीत. एप्रिलमध्ये हे यार्डातून दुपारी आले, उंबऱ्याशी पाय उचलेना, समोरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसेना. मला वाटलं आजाराचा नवा झटका आला. मानेवर ओला टॉवेल ठेवला, पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. तासाभरात हे पेपर वाचत होते. उहथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे टिपलं होतं, व्यायामानंतर पेशंटची नजर मंदावते म्हणून. पुढे कळलं, दोष व्यायामाचा नव्हता, उष्णतेचा होता. आणि थंड झालं की नजर परत येते, नुकसान होत नाही. खरा झटका असा तासाभरात ओसरत नाही. नवा त्रास चोवीस तासांच्या वर टिकला तर डॉक्टरांना फोन. त्याआधी ताप आहे का, लघवीला जळजळ आहे का ते बघ, कारण इन्फेक्शननेही जुनी लक्षणं डोकं वर काढतात.

तेव्हा व्यायाम उन्हाच्या आधी. आमराईत सकाळी साडेसहाला सावलीही असते आणि बसायला बाकही. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल व्हावी असं आता सांगतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. पोहणं तर या आजाराला फार मानवतं, गार पाण्यात अंग तापत नाही. पण कृष्णेत नाही, तलावात, आणि कुणीतरी सोबत हवं. सायकल डोळ्याचे आणि मेंदूचे डॉक्टर हो म्हणाले की पुन्हा काढू दे. तोपर्यंत घरात स्टँडवरची चालेल. चावी मात्र तू लपवलीयस ती परत दे. डॉक्टरांनी थांब म्हटलंय हे त्याला कळतं, त्याला कुलूप कशाला?

औषधांचं थोडक्यात. झटक्याच्या वेळी दिलेली स्टिरॉइडची सलाईन वेगळी आणि रोग आवरणारं नेहमीचं औषध वेगळं. आमच्या वेळी इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, पण ती परवडणार कुणाला? आज गोळ्या आहेत, सहा महिन्यांनी घ्यायची सलाईन आहे. तो बरा दिसतोय म्हणून औषध थांबवायचं नाही. बाहेर सगळं शांत असताना आत रोगाचं काम चालू असू शकतं. हळद-दूध खुशाल द्या, आमचं घर हळदीवरच चाललं, पण हळदीने एमएस जात नाही हे आमच्या यांच्याइतकं ठामपणे कुणी सांगितलं नसेल. मूल हवं असेल तर औषध ठरवण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, त्याच्या ऑफिसने कुरकुर केली तर ते माहीत असलेलं बरं.

तुझी नोकरी. पगाराचा विषय आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. तू दिवसभर घरी बसलीस की तुझे हात रिकामे होतील, आणि रिकामे हात त्याच्या हातातलं ओढून घेणारच. तू ऑफिसला जा. कुकर तो लावेल. भात कधी कच्चा राहील, खा. वीजबिल, बँक, गॅसचा नंबर, जे तो आजवर बघत होता ते त्यालाच बघू दे. फाईलसुद्धा त्याच्याकडे दे. पुढच्या वेळी डॉक्टरांना प्रश्न तो विचारेल, तू शेजारी बसायचंस. परवा सगळी हकीकत तूच सांगत होतीस आणि तो फरशीकडे बघत होता. आजार त्याचा आहे ना, मग बोलू दे की त्याला.

रडू आलं तर माझ्याकडे ये, दुपारी मी एकटीच असते. रविवारी त्याला आमराईत पाठव, मी फाटकापाशी थांबेन. तू येऊ नकोस, झोप काढ. आणि तुझ्या सासूबाईंना संध्याकाळी माझ्याकडे पाठवून दे. त्यांच्याशी मी बोलते.

तुझी,
काकू